सत्तेतील पक्ष आणि कार्यकर्त्याची निष्ठा
(भोर आणि वेल्हे तालुक्यांतील कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



भोर आणि वेल्हे या तालुक्यांत सार्वजनिक काम करणे पुण्यातल्या पेठांत काम करण्याइतके सोपे नाही. गावे लहान, वाड्या डोंगराच्या कुशीत विखुरलेल्या, तरुण मुले पोटापाण्यासाठी पुण्या-मुंबईत. येथील कार्यकर्त्याला दूरदर्शनच्या चर्चेत बसून पक्षाची बाजू मांडायची नसते. लोक त्याला चावडीवर गाठतात, एसटीच्या थांब्यावर गाठतात, दशक्रियेच्या घाटावर आणि लग्नाच्या मांडवातही गाठतात. पूर्वी त्याला विचारले जाई, "तुमचा पक्ष येणार तरी कधी?" आता विचारले जाते, "सत्ता तुमची, मग तुम्ही गप्प का?" पहिल्या प्रश्नाला हसून उत्तर देता येत असे. दुसरा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही.

या प्रश्नाची धार समजण्यासाठी २०२४ आणि २०२५ या दोन वर्षांतील घटनाक्रम आठवावा. बारामती लोकसभा मतदारसंघाचा भाग असलेल्या या तालुक्यांतील राष्ट्रवादी विचारांच्या कार्यकर्त्याने हयात पवारांच्या राजकारणाला विरोध करण्यात घालवली. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत त्याच कार्यकर्त्याला महायुतीचा धर्म म्हणून सुनेत्रा पवार यांच्यासाठी मते मागावी लागली. सुप्रिया सुळे दीड लाखाहून अधिक मतांनी निवडून आल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक झाली. भोर-वेल्हे-मुळशी मतदारसंघात २००९, २०१४ आणि २०१९ अशा सलग तीन वेळा निवडून आलेले काँग्रेसचे संग्राम थोपटे यांच्याविरुद्ध महायुतीचे, म्हणजे राष्ट्रवादी काँग्रेसचे, शंकर मांडेकर उभे होते. कार्यकर्ता पुन्हा घरोघर फिरला. थोपटे घराण्याची अनेक दशकांची सत्ता संपवा, असे त्याने लोकांना सांगितले. थोपटे पराभूत झाले. एप्रिल २०२५ मध्ये तेच संग्राम थोपटे भारतीय जनता पक्षात आले.

पाच महिने! ज्या घरात नोव्हेंबरात जाऊन थोपटे नकोत असे सांगितले, त्याच घरात एप्रिलमध्ये काय सांगायचे? राजगड सहकारी साखर कारखान्याच्या अडचणी आणि कर्जाच्या हमीचा प्रश्न त्या काळात वृत्तपत्रांतून उघडपणे चर्चिला गेला होता. त्यामुळे गावकऱ्याने स्वतःचा अर्थ स्वतः लावला. त्याला पक्षाच्या पत्रकाची वाट पाहावी लागली नाही. विरोधक 'वॉशिंग मशीन' हा शब्द वापरतात तेव्हा कार्यकर्त्याला राग येतो. पण त्या रागात थोडी स्वतःवरची चीडही मिसळलेली असते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

राज्याच्या पातळीवर हेच अधिक ठळकपणे घडले. सिंचन घोटाळ्याच्या प्रकरणी चितळे समितीपुढे बैलगाडीतून कागदपत्रे नेऊन देणारा पक्ष हाच. २७ जून २०२३ रोजी भोपाळ येथे पंतप्रधानांनी राष्ट्रवादी काँग्रेसवरील सुमारे सत्तर हजार कोटींच्या घोटाळ्यांच्या आरोपांचा उल्लेख केला आणि २ जुलैला अजित पवार राज्याचे उपमुख्यमंत्री झाले. राजकारणात तडजोडी कराव्या लागतात, संख्याबळाशिवाय सरकार चालत नाही, हे सर्व खरे. परंतु बैलगाडीतल्या कागदांचे पुढे काय झाले, हे विचारण्याचा अधिकार त्या बैलगाडीमागे चालणाऱ्या कार्यकर्त्याला नसेल तर मग तो कोणाला आहे?

येथे दोन शब्द नीट वेगळे करावे लागतात, निष्ठा आणि मिंधेपणा. निष्ठावंत कार्यकर्ता विचाराशी आणि समाजाशी बांधलेला असतो, म्हणून तो पक्षासाठी राबतो. मिंधा मनुष्य पदाशी, ठेक्याशी, शिफारसपत्राशी बांधलेला असतो, म्हणून तो पक्षाची भलामण करतो. पक्ष विरोधात असताना या दोघांतला फरक आपोआप दिसतो, कारण दुसरा त्या काळात फिरकतच नाही. सत्ता आली की दोघे एकाच व्यासपीठावर बसतात आणि बऱ्याचदा दुसऱ्याची खुर्ची पहिल्याच्या पुढे असते. मग प्रश्न विचारणारा गद्दार ठरतो आणि माना डोलावणारा निष्ठावंत.

ज्या मातीत आपण बसलो आहोत, त्या मातीने ही कसोटी साडेतीनशे वर्षांपूर्वी पाहिली आहे. रांझे हे गाव याच भोर तालुक्यातले. तेथील पाटील बाबाजी गुजर याने एका स्त्रीशी बदअमल केला. पाटील म्हणजे कोणी परका शत्रू नव्हे, गावचा कारभार ज्याच्या हाती तो आपलाच माणूस. शिवरायांनी त्याला पकडून आणवले, चौकशी केली आणि हातपाय तोडण्याची शिक्षा दिली. १६४६ च्या जानेवारीतील हे पत्र महाराजांची मुद्रा असलेल्या अगदी आरंभीच्या पत्रांपैकी मानले जाते. स्वराज्याचा कारभार अजून मांडला जात होता, माणसांची गरज होती, एकेक पाटील आणि एकेक देशमुख जोडून घ्यायचा होता. अशा वेळी 'आधी बळ वाढू द्या, मग आपल्या माणसांचे बघू' असे म्हणणे सोयीचे झाले असते. तसे झाले नाही. दुसरी गोष्टही तितकीच लक्षात घेण्याजोगी आहे. पाटीलकी सरकारात जमा करून घराणे देशोधडीला लावले गेले नाही. त्याच घराण्यातील सोनजी गुजर याच्याकडे ती दिली गेली. शिक्षा अपराधाला होती, कुळाला नव्हती. आज एखाद्याची चौकशी मागितली की त्याचा सबंध गट अंगावर येतो आणि एखाद्याला पाठीशी घातले की त्याच्या सबंध गटाला पाठीशी घालावे लागते. रांझ्याच्या निवाड्यात या दोन्ही चुका नाहीत.

१६५९ साली अफझलखान चालून आला तेव्हा याच खोऱ्यांतील देशमुखांना आदिलशाहीची फर्माने आली. कारीच्या कान्होजी जेध्यांनी मुलांसह राजगडावर येऊन वतनावर पाणी सोडले. उत्रोळीचे खोपडे खानाला मिळाले. पुढे खंडोजी खोपडे हाती लागला तेव्हा त्याचा जीव वाचवण्यासाठी रदबदली केली ती कान्होजींनीच. महाराजांनी त्यांचा शब्द राखला, प्राण घेतला नाही, पण एक हात आणि एक पाय तोडला. कान्होजींइतका निष्ठावंत दुसरा दाखवता येणार नाही आणि त्यांच्या शब्दाचा मान ठेवूनही न्याय सोडला गेला नाही. ज्येष्ठ कार्यकर्त्याच्या शिफारशीला किती वजन असावे आणि ते कोठे थांबावे, याचा याहून स्पष्ट दाखला शोधायला दूर जावे लागत नाही.

मग बाहेरून येणाऱ्यांचे काय? येथेही इतिहास एकांगी नाही. बाजीप्रभू देशपांडे हे हिरडस मावळातले, बांदलांचे कारभारी. रोहिड्याच्या बांदलांनी आरंभी महाराजांना विरोध केला होता. तेच बांदल आणि तेच बाजीप्रभू १६६० च्या जुलैत घोडखिंडीत उभे राहिले. विरोधातून आला म्हणून माणूस कायमचा परका ठरवायचा असेल तर पावनखिंडीचा इतिहासच पुसावा लागेल. म्हणून थोपटे किंवा अन्य कोणी पक्षात आले याबद्दल त्रागा करण्याचे कारण नाही. मात्र बाजीप्रभूंनी आल्यावर खिंड लढवली, ही गोष्ट विसरू नये. नव्याने आलेल्याने काय सोडले, काय आणले आणि पहिल्या वर्षात संघटनेसाठी काय केले, हे पाहण्याचा कार्यकर्त्याचा हक्क प्रवेशसोहळ्याच्या हारतुऱ्यांबरोबर संपत नाही. नाहीतर जुने कार्यकर्ते सतरंज्या उचलतात आणि नवे लोक तिकिटे घेतात. हे वाक्य गावोगाव ऐकू येते आणि ते विरोधकांनी पढवलेले नाही.

प्रश्न विचारणे हे पक्षशिस्तीच्या विरुद्ध आहे, अशी एक समजूत अलीकडे रुजवली जाते. ज्यांच्या प्रतिमेला हार घालून बैठका सुरू होतात त्या पंडित दीनदयाळ उपाध्यायांनी याविषयी काय लिहिले ते पाहावे. १९६१ साली, सार्वत्रिक निवडणुका तोंडावर असताना, 'ऑर्गनायझर'मधील आपल्या सदरात त्यांनी मतदाराला बजावले होते की उमेदवार चांगल्या पक्षाचा आहे एवढ्यावरून वाईट उमेदवाराला मत मिळू नये. पक्षश्रेष्ठींकडून निवडीत चूक होऊ शकते आणि ती दुरुस्त करणे हे मतदाराचे कर्तव्य आहे, असा त्यांचा अभिप्राय होता. हे लिहिणारे गृहस्थ तेव्हा जनसंघाचे सरचिटणीस होते! १९६३ मध्ये जौनपूरच्या पोटनिवडणुकीत जातीच्या नावाने मत मागण्यास त्यांनी नकार दिला आणि ते पराभूत झाले. त्याआधी राजस्थानात १९५२ मध्ये जनसंघाचे आठ आमदार निवडून आले होते. जहागिरी नष्ट करण्याच्या प्रश्नावर त्यांतील बहुसंख्य पक्षाच्या भूमिकेविरुद्ध गेले, तेव्हा पक्षाने सहा जणांना काढून टाकले. आठातून सहा गेले, उरले दोन. त्या दोघांत भैरोसिंह शेखावत होते.

सत्तेच्या जवळ पोहोचलेल्या पक्षाचीही उदाहरणे आहेत आणि ती सर्व सारखी नाहीत. जानेवारी १९९६ मध्ये हवाला प्रकरणात नाव येताच लालकृष्ण अडवाणी यांनी लोकसभेचा राजीनामा दिला आणि निर्दोष ठरेपर्यंत निवडणूक लढवणार नाही असे जाहीर केले. ते १९९६ ची निवडणूक लढले नाहीत. दिल्ली उच्च न्यायालयाने १९९७ च्या एप्रिलमध्ये त्यांना आरोपातून मुक्त केले, त्यानंतर १९९८ मध्ये ते पुन्हा लोकसभेत आले. त्या दोन वर्षांत गावातल्या कार्यकर्त्याला चावडीवर मान खाली घालावी लागली नाही. मार्च २००१ मध्ये पक्षाध्यक्ष बंगारू लक्ष्मण पैसे घेताना छुप्या कॅमेऱ्यात दिसले. त्यांनी पद सोडले, तरी अनेकांच्या तोंडी पहिले काही दिवस 'षड्‌यंत्र' हाच शब्द होता. २०१२ मध्ये न्यायालयाने त्यांना चार वर्षांची शिक्षा सुनावली. डिसेंबर २००५ मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याबद्दल संसदेतून अकरा खासदारांची हकालपट्टी झाली, त्यांत सहा भाजपचे होते आणि त्या सहांतील दोन आपल्या महाराष्ट्रातले, जळगाव जिल्ह्यातले. त्या वेळी हकालपट्टीच्या पद्धतीवर पक्षाने आक्षेप घेतला. पद्धतीचा मुद्दा कदाचित विचार करण्याजोगा असेल, परंतु लोकांच्या लक्षात पद्धत राहिली नाही, पैसे राहिले.

पुणे जिल्ह्यापुरते बोलायचे तर या विषयावर बोलताना एक नाव टाळताच येत नाही, ते रामभाऊ म्हाळगी यांचे. १९५७ मध्ये शेजारच्या मावळातून ते जनसंघाचे आमदार म्हणून निवडून आले. पुढे पुणे शहरातून आमदार आणि ठाण्यातून खासदार झाले. आपण वर्षभरात काय केले, याचा लेखी अहवाल दरवर्षी मतदारांसमोर ठेवण्याची प्रथा त्यांनी पाडली. तो त्यांना कोणी मागितला नव्हता. माहितीचा अधिकार तर त्यानंतर कितीतरी वर्षांनी आला, महाराष्ट्राचा कायदा २००२ चा आणि केंद्राचा २००५ चा. विधिमंडळात किती प्रश्न विचारले, किती पत्रांना उत्तरे दिली, कोणते काम झाले आणि कोणते राहिले, हे स्वतःहून सांगणारा लोकप्रतिनिधी असला की विरोधकाला आरोप करण्यासाठी फार जागा उरत नाही. आज लोकप्रतिनिधींचे अहवाल निघतात, गुळगुळीत कागदावर, पानोपानी छायाचित्रांसह. म्हाळगींच्या अहवालाचा वारसा सांगणाऱ्याने त्यात 'राहिलेली कामे' हे एक पान घालून पाहावे. पान लहान पडेल, ही गोष्ट वेगळी.

आता टीकेच्या दुसऱ्या बाजूकडे येऊ. सगळी टीका प्रामाणिक असते असे मानण्याइतके भाबडे राहण्याचे कारण नाही. काही वृत्तपत्रांचा आणि विचारवंतांचा चष्मा ठरलेला आहे. आणीबाणीत ज्यांची लेखणी अडखळली, त्यांतल्याच काहींनी नंतर लोकशाहीचे पाठ द्यावेत हे गमतीचे आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत 'चारशे जागा आल्या तर घटना बदलणार' हा प्रचार वाड्यावस्त्यांपर्यंत पोहोचला आणि त्याचा फटका बसला. महाराष्ट्रात २०१९ मध्ये तेवीस जागा जिंकणारा पक्ष नऊ जागांवर आला. याला खोटे कथानक म्हटले गेले आणि बऱ्याच अंशी ते खोटे होतेही. परंतु मार्च २०२४ मध्ये कर्नाटकातील पक्षाच्याच एका खासदाराने घटना बदलण्यासाठी चारशे जागा हव्यात, असे जाहीर भाषणात सांगितले होते. पक्षाने ते विधान झटकले, त्यांना उमेदवारीही दिली नाही. तरी आग लावायला विरोधकाला काडी मिळाली ती आपल्याच घरातून. शिवाय ज्या वस्तीत कार्यकर्ता पाच वर्षांत एकदाही चहाला गेला नाही, तेथे त्याच्या खुलाशावर विश्वास कोणी ठेवायचा?

निवडणूक रोख्यांचेही असेच. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही योजना घटनाबाह्य ठरवली. त्यानंतर जाहीर झालेल्या आकड्यांत सर्वांत मोठा वाटा, सहा हजार कोटींहून अधिक, भाजपचा होता. इतर पक्षांनीही रोखे घेतले हे उत्तर खरे आहे, मात्र अपुरे आहे. 'इतरांपेक्षा वेगळा पक्ष' हे बिरुद ज्यांनी स्वतः लावून घेतले त्यांना 'इतरांसारखेच' हे उत्तर शोभत नाही.

लोकसभेच्या निकालानंतर जून २०२४ मध्ये 'ऑर्गनायझर'मध्येच एक लेख आला. महाराष्ट्रातील अनावश्यक जोडतोडीवर त्यात स्पष्ट बोट ठेवले होते. त्याच महिन्यात नागपूरला सरसंघचालकांनी खऱ्या सेवकाला अहंकार नसतो, याची आठवण करून दिली. घरातले घरात बोलावे, असे तेव्हा काहींचे म्हणणे पडले. त्याच वर्षी नोव्हेंबरात विधानसभेत पक्षाला १३२ जागा मिळाल्या. टीका छापून आल्याने पक्ष बुडाला नाही. उलट त्या पाच महिन्यांत कार्यकर्ता पुन्हा घराबाहेर पडला, कारण आपले म्हणणे कोणीतरी मांडले असे त्याला वाटले.

दिल्ली-मुंबईचे पुरे झाले. खेड-शिवापूरचा टोलनाका सर्वांच्या रोजच्या वाटेवरचा. पुणे-सातारा रस्त्याच्या सहापदरीकरणाचे काम २०१० मध्ये सुरू झाले, ते २०१३ मध्ये पुरे व्हायचे होते. रस्ता वर्षानुवर्षे अर्धवट राहिला आणि टोल मात्र पूर्ण घेतला गेला. करार झाला तेव्हा केंद्रात काँग्रेसचे सरकार होते, तोवर हा प्रश्न कार्यकर्त्याच्या जिभेवर होता. २०१४ नंतर खाते आपल्या मंत्र्याकडे आले आणि जीभ जड झाली. फेब्रुवारी २०२० मध्ये लोक नाक्यावर उतरले तेव्हा स्थानिक वाहनांना सवलत मिळाली. खड्डा कोणत्या सरकारच्या काळातला हे गाडीच्या चाकाला कळत नाही. रुग्णवाहिकेतल्या माणसालाही नाही.

पाण्याची गोष्ट त्याहून जुनी. भाटघर, नीरा-देवघर, गुंजवणी, पानशेत, वरसगाव एवढी धरणे या दोन तालुक्यांत आहेत. पाणी बारामतीला, फलटणला, पुण्याला. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण येथे कोणाला समजावून सांगावी लागत नाही. नीरा-देवघरच्या पाणीवाटपाचा आदेश २०१९ मध्ये एका सरकारने बदलला, २०२० मध्ये दुसऱ्याने पुन्हा फिरवला. बारामतीला किती आणि फलटणला किती, यावर रणे माजली. ज्यांच्या जमिनी धरणाखाली गेल्या त्यांचे नाव त्या वादात क्वचितच आले. वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव मिळाले, त्याचा आनंद सर्वांना आहे. पण राजगडाच्या पायथ्याच्या वाडीत उन्हाळ्यात टँकर येत असेल, तर त्या नावाचा अभिमान सांगणाऱ्यानेच पहिला प्रश्न विचारायला हवा.

तो विचारायचा कसा, एवढेच सांगून थांबू. ऑगस्ट २०१९ मध्ये घोषित झालेली जलजीवन मिशन ही आपल्याच केंद्र सरकारची योजना आहे. २०२४ पर्यंत प्रत्येक घरी नळ, हे तिचे लक्ष्य होते. २०२५ च्या अर्थसंकल्पात मुदत २०२८ पर्यंत वाढवली गेली. आपल्या गावात टाकी उभी आहे आणि नळ कोरडा आहे, अशी स्थिती असेल तर मोर्चा काढण्याची, वृत्तपत्रात पत्रक देण्याची किंवा कोणाला शिव्या देण्याची गरज नाही. वर्षातून किमान चार ग्रामसभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. येत्या ग्रामसभेला जावे. कामाचे अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश आणि मोजमाप पुस्तिका ग्रामसेवकाकडे मागावी. कागदावर किती मीटर जलवाहिनी आहे ते वाचावे आणि चार गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती जमिनीत किती आहे ते पाहावे. ठेकेदार कोणत्या पक्षाचा आहे, हे त्या दिवशी विचारू नये. तफावत निघाली तर तिची लेखी नोंद ग्रामसभेच्या इतिवृत्तात करून घ्यावी, एक प्रत पंचायत समितीला आणि एक पक्षाच्या तालुकाध्यक्षांना द्यावी. तालुकाध्यक्ष नाराज होतील. होऊ द्यावेत. पंधरा दिवसांनी पुन्हा जाऊन त्या प्रतीचे काय झाले हे त्यांनाच विचारावे.